लोकरीचा गालिचा, घोंगडं आणि आपल्याकडचा पावसाळा

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली, तेव्हा आजीची घोंगडी वरून जशीच्या तशी दिसत होती. काळीभोर, चौपदरी घडी, वर वर्तमानपत्र. घडी उलगडली आणि मोडीच्या रेषेवर नखाएवढी भोकं ओळीनं दिसली, वहीला पंचिंग केल्यासारखी. पेटीच्या तळाला काळी वाळू सांडल्यासारखं काहीतरी होतं. बोटावर घेऊन बघितलं तर ती कसरीच्या, म्हणजे लोकर खाणाऱ्या किड्याच्या, अळीची विष्ठा, अळीनं खाल्ली त्याच लोकरीच्या रंगाची. आतल्या पदराला तांदळाच्या दाण्याएवढी रेशमी नळकांडी चिकटलेली. आजीनं ही घोंगडी अंगावर घेतली, जमिनीवर अंथरली, शेतात नेली, तेव्हा तिला काही झालं नाही. मी ‘जपून’ ठेवली आणि तीन पावसाळ्यांत ती गेली.

त्यानंतर लोकरीबद्दल जे शिकले ते इथं लिहिते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात नवं घर मांडणारे, बदलीवर आलेले, पहिल्यांदाच लोकरीचं काही अंथरायला घेणारे यांच्यासाठी. लोकरीला वापर सोसतो, पायाखालची माती सोसते. बंद, अंधारी, ओलसर जागा तेवढी सोसत नाही. खरेदी करतानासुद्धा हे लक्षात ठेवलेलं बरं.

आधी जागा ठरवा, मग वस्तू

दुकानात शिरायच्या आधी घरात एक फेरी मारा. लोकर कुठं टाकायची नाही ते आधी ठरतं: स्वयंपाकघर, न्हाणीचं दार, पश्चिमेकडची गॅलरी. पाऊस आपल्याकडे पश्चिमेकडून आडवा येतो आणि जून ते सप्टेंबर त्या बाजूच्या भिंती गार असतात. आणखी एक गोष्ट बघा. पावसाळ्यात फरशीला घाम येतो का? शहाबादी असो की नवी गुळगुळीत टाइल्स, तळमजल्यावरच्या बऱ्याच घरांत जुलैमध्ये फरशीवर हात फिरवला की ओला होतो. तिथं गालिचा टाकायचाच असेल तर पावसाळ्यापुरता उचलायची तयारी हवी.

मग माप. गालिच्याची कड जिथं येईल तिथं चारी बाजूंनी वर्तमानपत्रं अंथरा आणि दोन दिवस त्याच्याभोवती वावरा. दार उघडताना अडतंय का, खुर्ची मागं सरकवताना पाय कडेवर येतोय का, हे तेव्हाच कळतं. सोफ्यासमोर टाकायचा असेल तर सोफ्याचे पुढचे दोन पाय तरी गालिच्यावर यावेत. नाहीतर तो मधेच तरंगल्यासारखा दिसतो आणि रोज सरकतो. बाजारात ३ बाय ५, ४ बाय ६, ५ बाय ८ फूट ही मापं सहज मिळतात. गुळगुळीत टाइल्सवर खाली रबराची जाळी घालाच. म्हाताऱ्या माणसांच्या घरात तर यात कंजुषी नको.

काय काय मिळतं

घोंगडं आपल्या घरचं. कानडीत कंबळी. दख्खनी मेंढीची लोकर, बहुतेक काळी, जाडीभरडी. मेरिनोचा केस २० मायक्रॉनच्या आसपास असतो, दख्खनीचा त्याच्या दुपटीच्या घरात, म्हणून तो टोचतो. अंगाला टोचणारी हीच लोकर जमिनीवर टिकते. मेंढरं धनगर-कुरुबांची, विणकाम आपल्या बाजूला बहुतेक सनगरांचं, खड्ड्याच्या हातमागावर. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, मऊ असते. जावळाची घोंगडी महाग आणि ती पांघरायला घ्यावी. जमिनीवर टाकायला मोठ्या मेंढीची भरडच चांगली. पुष्कळ जण उलटं करतात आणि मग ‘टोचतं’ म्हणत बसतात.

जेन म्हणजे विणलेलं नसतं. लोकरीचे थर ओले करून, लाटून, दाबून घट्ट केलेलं जाड आसन. पूजेला, ध्यानाला, लहान मुलांना बसवायला उत्तम. त्यात उभा-आडवा धागाच नसल्यामुळं कुठून उसवत नाही, पण एकदा पाण्यात ढवळलं की आकार जातो.

गाठींचा गालिचा भदोही-मिर्झापूर, काश्मीर या बाजूनं येतो. एकेक गाठ हातानं मारलेली असते. त्याची पाठ उलटून बघा: पुढची नक्षी मागंही स्पष्ट दिसली पाहिजे.

टफ्टेड गालिचा दिसायला तसाच, किमतीला बराच कमी. पण पाठीवर पांढरं कापड डिंकानं चिकटवलेलं असतं आणि ते नक्षी झाकतं. त्यातल्या लोकरीच्या झुपक्यांना धरून ठेवतो तो डिंक. आपल्या दमट हवेत काही वर्षांनी तो कडक होऊन पिठासारखा गळतो आणि आधीपासूनच एक रबरी वास देत असतो. भाड्याच्या घरासाठी, पाच-सहा वर्षांच्या हिशेबानं घ्यायला हरकत नाही. नातवंडांना द्यायच्या गप्पा मारत कुणी विकत असेल तर पाठ उलटून दाखवा म्हणावं.

एक घोटाळा इथं नेहमी होतो. नवलगुंदचा जमखाना, धारवाड जिल्ह्यातला, बायकांनी विणलेला, भौगोलिक मानांकन मिळालेला. फार देखणा, घ्यावाच. पण तो सुती. त्याची धुलाई वेगळी, त्याला कसर लागत नाही. लोकरीचा म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर हसून पुढं जा.

लोकर खरी की नाही

दुकानदाराला विचारून एक झुपका मागा. झालरीचा धागा घेऊ नका. गाठींच्या गालिच्यात झालर म्हणजे ताण्याची, उभ्या धाग्यांची, टोकं आणि ती बहुतेक वेळा सुती असतात. वरच्या लवेतला, म्हणजे उभ्या केसांच्या थरातला, झुपका घ्या, बाहेर जा, चिमट्यात धरून काडी लावा. लोकर अनिच्छेनं जळते, ज्योत काढली की विझते, जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. भस्सकन पेटून कागदाचा वास आला तर सूत किंवा व्हिस्कोस. व्हिस्कोस ‘आर्ट सिल्क’ नावानं चमकत असतो. त्याच्यावर पाण्याचा पेला सांडला तरी पिवळा डाग पडतो, तेव्हा घरात लहान मूल असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

घोंगडं घेताना

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत, दिवाळीच्या आधी, भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. तिथं घोंगडीवाल्यांची रांग असते. मी निपाणीहून गेले होते. एका म्हाताऱ्या मामांनी माझ्या हातात घोंगडी दिलीच नाही. चार टोकं दोघांना धरायला लावली, मध्ये खोलगट केली आणि तांब्यातलं पाणी ओतलं. पाणी पाऱ्यासारखं थरथरत उभं राहिलं. शंभर आकडे मोजेपर्यंत खाली एक थेंब आला नाही.

“ही खळीची कमाल, अक्का,” ते म्हणाले. “चिंचोक्याची खळ. एकदा धुतलीस की हे जाणार. मग नरम पडंल, पण पाणी धरंल.”

एवढं प्रामाणिकपणे सांगणाऱ्याकडूनच घ्यावी. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ घोंगडीला कडकपणा देते, म्हणून नवी घोंगडी जमिनीवर सपाट बसते. तिचा आंबूस वासही येतो. चार दिवस सावलीत वाऱ्यावर टाकली की कमी होतो. वास घालवायला अत्तर किंवा फिनेल मारू नका, दोन्ही वास मिळून तिसराच तयार होतो.

घेताना बघायचं ते एवढं: उजेडासमोर धरा, वीण सगळीकडे सारखी दाट हवी. कडेला एकसारखा काठ हवा, दशा पिळून गाठलेल्या हव्यात. काही घोंगड्यांना मधोमध शिवण असते, अरुंद मागावर दोन पट्टे विणून जोडलेले असतात म्हणून. तो दोष नाही, पण शिवण ओढून बघा. रंग काळा आहे की काळा केलेला आहे हे ओल्या पांढऱ्या रुमालानं घासलं की कळतं. मेंढीचा काळा रंग रुमालाला लागत नाही, आणि नीट बघितलं तर त्यात एखादा तपकिरी, एखादा पांढरा केस असतो. एकसारखा डांबरी काळा दिसला तर रंगवलेलं समजा. शेवटी नाकाला लावा. खऱ्या लोकरीला मेंढराचा वास थोडासा येणारच. कुबट वास आला तर ती आधीच कुठंतरी ओलीत पडून होती.

घोंगडीवर साप येत नाही, सांधे दुखत नाहीत असं विकणारे सांगतात. ऊब मिळते आणि उबेनं दुखऱ्या सांध्याला बरं वाटतं, इथपर्यंत माझा विश्वास आहे. सापाच्या भरवशावर कुणी शेतात झोपू नये.

पहिले दोन महिने

नवा लोकरी गालिचा गळतो. झाडलं की मूठभर केस निघतात आणि घरातला प्रत्येक माणूस ‘फसवलं तुला’ म्हणतो. कापून उरलेले सुटे केस असतात ते, हळूहळू कमी होतात. टफ्टेड जास्त गळतो आणि जास्त दिवस गळतो. एखादा धागा वर आला तर ओढू नका, कात्रीनं लवेच्या पातळीला कापा. हे घरातल्या लहान पोरांनाही सांगून ठेवा, कारण वर आलेला धागा दिसला की ओढायचा मोह मोठ्यांनासुद्धा आवरत नाही.

रोजचं आणि आठवड्याचं

रोज काही करू नका. आठवड्यातून एकदा लवेच्या दिशेनं झाडा. लवेची दिशा तळहात फिरवला की कळते. एका बाजूनं मांजरीच्या पाठीसारखी गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं खरखरीत. खराटा नको, मऊ केरसुणी चालते. व्हॅक्यूम असेल तर फिरणारा ब्रश बंद करून नुसत्या ओढीवर चालवा आणि झालर सोडून द्या, ती नळीत गुंतते.

महिन्यातून एकदा गच्चीवर नेऊन कठड्यावर उलटा टाका आणि पाठीवर काठीनं हलके ठोका. खाली बघा: आठवड्याला झाडूनही इतकी बारीक माती निघते की लाज वाटते. ही माती वाळूच्या कागदासारखी लोकरीचा बुडखा कापत असते, म्हणून ठोकणं धुण्यापेक्षा महत्त्वाचं. शेजाऱ्यांचं वाळवण कुठं आहे ते मात्र आधी बघून घ्या. टफ्टेड गालिचा ठोकू नका, डिंक सुटतो.

गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला गालिचा अर्धा फिरवा, दाराकडचं टोक खिडकीकडे. म्हणजे झिजही वाटली जाते आणि उन्हानं रंग एकाच बाजूला उतरत नाही.

सांडलं तर

पहिल्या मिनिटात जे कराल तेच खरं. घासायचं नाही, टिपायचं. पांढरं सुती फडकं दाबून धरा, उचला, कोरडी बाजू करून पुन्हा दाबा, कडेकडून मध्याकडे. चहा-कॉफी असेल तर नंतर गार पाण्यानं ओलं केलेलं फडकं, मग एका पेल्याला चमचाभर पांढरं व्हिनेगर घातलेलं पाणी, मग पुन्हा कोरडं. तेल-तुपावर मक्याचं पीठ किंवा अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. चिखल तसाच वाळू द्या. वाळल्यावर निम्मा आपोआप निघतो. मुलानं किंवा कुत्र्यानं लघवी केली असेल तर टिपून लगेच गार पाणी, वास बसायच्या आत.

हळद आणि भंडारा यांचं मात्र वेगळं. यात्रेहून आल्यावर कपड्यावरचा भंडारा गालिच्यावर झडतो. ओलं फडकं घेऊन धावू नका. आधी कोरडाच झटका किंवा व्हॅक्यूमनं ओढा. उरलेल्या पिवळ्या डागाला साबण लावलात तर तो लालभडक होतो. हळद क्षारात लाल होते, कुंकू असंच बनवायचे. घाबरू नका, पाण्यानं साबण निघाला की परत पिवळी होईल. मग उन्हात ठेवा. हळदीचा रंग उजेडात उडतो, दोन-तीन दिवसांत फिका पडतो.

धुवायचं कसं

वॉशिंग मशीन नाही. गरम पाणी नाही. सोडा नाही. जंतू मारायचं पांढरं ब्लीच तर अजिबात नाही, ते लोकर अक्षरशः विरघळवतं. डाग खाणारी एन्झाइमवाली पावडरही नको. ती प्रथिनं तोडते आणि लोकर हे प्रथिनच आहे. लोकरीच्या केसाला माशासारखे बारीक खवले असतात. ऊब, साबण आणि ढवळणं एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. जेन तयार होतं ते ह्याच युक्तीनं. मशीनमध्ये घातलेली घोंगडी निम्म्या मापाची, पुठ्ठ्यासारखी जाड होऊन बाहेर येते.

गाठींचा मोठा गालिचा घरी धुवू नका, गालिचे धुणाऱ्याकडे द्या. टफ्टेड तर भिजवायचाच नाही. घोंगडी आणि सपाट विणीचा लहान गालिचा घरी होतो. वेळ फेब्रुवारी ते एप्रिल. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल हाताला न जाणवता पिऊन बसते. वरून कोरडी लागली तरी आत ओली असते. ‘भिजत घोंगडं’ हा वाक्प्रचार कुणी घरात बसून रचलेला नाही, त्यानं ऑगस्टमध्ये घोंगडं धुवून बघितलं असणार. (सीमाप्रश्नाला आपले लोक हाच शब्द का वापरतात हे बेळगावकराला सांगायला नको.)

१. आदल्या रात्री मूठभर रिठे फोडून, बिया काढून, पाण्यात भिजत घाला. सकाळी उकळा, गाळा, पूर्ण गार होऊ द्या.

२. घोंगडी आधी कोरडी ठोका. मातीसकट भिजवली तर चिखल आत बसतो.

३. ओल्या पांढऱ्या फडक्यानं कोपऱ्यात रंग तपासा. रंग लागला तर इथंच थांबा.

४. मोठ्या टबात गार पाणी, त्यात रिठ्याचं पाणी. घोंगडी उलगडून बुडवा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तळहातानं दाबा, सोडा, दाबा. तुडवू नका, आपटू नका, पिळू नका. पहिल्या धुलाईत पाणी चिकट, तपकिरी होतं, ती खळ.

५. पाणी नितळ येईपर्यंत बदला. पाण्याची ऊब प्रत्येक वेळी सारखी ठेवा, गारातून एकदम कोमटात नको. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर.

६. उचलायला दोघं लागतात. ओली घोंगडी माझ्या अंदाजापेक्षा दुप्पट जड निघाली होती. दोरीवर टांगू नका, स्वतःच्या वजनानं ओढली जाते. बाजेवर आडवी टाकून निथळू द्या, मग सावलीत वाऱ्यावर, दर दोन तासांनी उलटून. दोन पूर्ण दिवस धरा.

पूर्वी वेदगंगेवर नेऊन धुवत. बायकांना मजा यायची ती वेगळी, पण वाहतं पाणी मिळायचं हे खरं.

पावसाळा आणि कसर

मृगाच्या आधी निर्णय घ्या: वापरायचं की गुंडाळायचं. माझं मत वापरा. पायाखाली असलेल्या, आठवड्याला झाडल्या जाणाऱ्या गालिच्यात कसर सहसा घर करत नाही. ती लागते सोफ्याखालच्या, कपाटाखालच्या भागात. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला कडा उचला आणि खाली हात लावून बघा. गार-ओलसर लागलं तर गालिचा दोन खुर्च्यांवर टाकून पंखा लावा.

कसरीचा पतंग बारीक, फिकट सोनेरी, उजेडापासून पळणारा. तो स्वतः काहीच खात नाही; अंडी घालतो, खाते ती अळी. तिला घामट, तेलकट, डाग पडलेली लोकर जास्त आवडते. म्हणून ठेवायचंच असेल तर स्वच्छ आणि खणखणीत कोरडं करून ठेवा. घडी घालू नका, जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा. वरून जुनं धोतर किंवा लुगडं, धुतलेलं, दोन्ही टोकं घट्ट बांधून. प्लास्टिकमध्ये बांधलं की आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. जमिनीवर नाही, माळ्याच्या भिंतीला टेकवूनही नाही.

कडुनिंबाचा पाला, कापूर, आमच्या निपाणीकडे तंबाखूचा पाला, हे सगळं घाला. पतंग थोडा लांब राहतो. आत आधीच असलेली अंडी मरत नाहीत, ह्या भरवशावर मी फसले. डांबरगोळ्या वापरायच्या तर लोकरीला न लागतील अशा पुरचुंडीत, झोपायच्या खोलीपासून दूर. लहान मूल असलेल्या घरात मी त्या आणतच नाही. खरा उपाय म्हणजे महिन्यातून एकदा, उघडीप मिळेल तेव्हा, सोडून झटकणं.

लागलीच तर: गच्चीवर नेऊन दोन्ही बाजूंनी ठोका. शिवणी, काठ, झालरीचा बुडखा व्हॅक्यूमनं ओढा आणि पिशवी लगेच घराबाहेर टाका. कडक उन्हात काळ्या फरशीवर दुपारभर, उलटून दुसऱ्या दिवशी पुन्हा. आसन किंवा लहान जेन असेल तर प्लास्टिकमध्ये हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरची ओल लोकरीवर धरते. ज्या पेटीत, कपाटात होतं तेही कानाकोपऱ्यातून पुसा. पंधरा दिवसांनी पुन्हा बघा, राहिलेली अंडी तोवर फुटलेली असतात.

भोक पडलं तर

घोंगडीचं भोक घरी भरता येतं, पण लोकरीच्याच सुतानं. विणकराकडे मूठभर काळं सूत मागा, पुष्कळदा तसंच देतात. जाड, बोथट सुई घ्या. भोकाच्या बाहेर बोटभर चांगल्या विणीतून सुरू करून आधी उभे धागे घाला, मग आडवा धागा एक वर-एक खाली. ओढून घट्ट करू नका, मध्ये फुगवटा येतो. नायलॉनचा दोरा कधीच नको. तो आजूबाजूची लोकर कापत जातो. गाठींच्या गालिच्याचं भोक मात्र रफूवाल्यालाच द्या, आणि काठ उसवायला लागला तर त्याच आठवड्यात द्या.

आजीच्या घोंगडीला अकरा भोकं होती. आठ मी भरली, जवळून बघितलं तर कळतात. उरलेली तीन मोडीच्या रेषेवर इतकी जवळ होती की तिथून घोंगडी कापली, कापलेली कड दुमडून शिवली. लहान तुकड्याची दोन आसनं झाली. मोठा तुकडा हॉलमध्ये सोफ्यासमोर असतो, जून असो की जानेवारी, आणि त्याच्यावर सध्या आमचं मांजर झोपलंय.